उलुवातू: लाटेला पाच तारे, परतीच्या वाटेला दोन

बालीच्या दक्षिण टोकाला, बुकितच्या कड्याखाली फुटणारी ही सर्फिंगची डावी लाट (सर्फरच्या डाव्या हाताला फुटत जाणारी) फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. शार्कच्या धोक्यामुळे ऑस्ट्रेलियात अर्धवट थांबवलेली मार्गारेट रिव्हरची सर्फिंग स्पर्धा २०१८च्या जूनमध्ये इथेच पूर्ण केली होती. लाटेच्या दर्जाबद्दल म्हणूनच वाद नाही. गोव्यातल्या आश्वे-मोरजीच्या वाळूवर तयार झालेल्या सर्फरला इथे अडचण येते ती भरतीचं गणित आणि गर्दी यांची.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. कोकणचा समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो, तेव्हा इथे आग्नेयेचा वारा जमिनीकडून वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. नोव्हेंबरनंतर वारा पश्चिमेचा होतो, मग इथे येण्यात अर्थ नाही.

उलुवातू ही एक लाट नाही, फुटण्याच्या वेगवेगळ्या जागा आहेत. दक्षिणेला टेंपल्स: पॅडल (बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवणं) लांबचं, म्हणून माणसं कमी. कड्याखालच्या गुहेसमोर ‘द पीक’: मध्यम ते पूर्ण भरतीला चालतं आणि सर्वाधिक गर्दी इथेच. त्याच्या उत्तरेला रेसट्रॅक: पाणी उतरायला लागलं की बॅरल (लाटेची पोकळ नळी) देणारा, वेगवान आणि उथळ. मोठा स्वेल (दूरच्या समुद्रातून येणारी लाटांची उसळी) आणि ओहोटी जुळली की आउटसाइड कॉर्नर जागा होतो. तिथे साडेसहा ते सात फुटांचा बोर्ड आणि जाड लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) हवी. एरवी सहा फुटांच्या आसपासचा, राउंड पिन (गोलसर टोकदार) शेपटीचा स्टेप-अप, म्हणजे नेहमीपेक्षा थोडा मोठा बोर्ड पुरतो. रेसट्रॅकची लाट निवडून घ्यावी: पुढची भिंत एकदम कोसळताना दिसली तर लाटेच्या मागे निघा. शेवटपर्यंत रेटणारेच प्रवाळावर आपटतात. पडताना सूर मारायचा नाही. अंग पसरून उथळ पडायचं, हात डोक्यावर.

पाण्यात शिरायची वाट गुहेतून. दोन सेटच्या (पाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटांच्या) मधली शांतता धरून निघा, कारण भरतीला गुहेच्या तोंडाशी पाणी जोरात आत-बाहेर होतं. परत येणं त्याहून अवघड. प्रवाह उत्तरेकडे, पादांग पादांग किनाऱ्याच्या दिशेने ओढतो. गुहेच्या सरळ रेषेत पॅडल केलं तर हमखास पलीकडे जाल. किनाऱ्याकडे तोंड केल्यावर गुहेच्या बऱ्याच उजवीकडे रोख धरा, मग प्रवाहच नेमका तोंडाशी आणतो. चुकलात तर कड्याला लागून झगडू नका. पुन्हा बाहेर जाऊन वळसा घ्या. उधाणाच्या भरतीला हा धोका सगळ्यात जास्त, म्हणून दंडातली ताकद संपायच्या आधीच निघावं. ओहोटीला रीफवरून, म्हणजे प्रवाळाच्या खडकावरून चालत येता येतं. तेव्हा बूट उपयोगी, पण बोर्डावर पायाची पकड बोथट होते.

गर्दीत नियम एकच: फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ असणाऱ्याची लाट. तरी ‘द पीक’वर मागून वळसा घालून आत शिरणारे भेटतातच. सेटची पहिली लाट सोडा, तिच्यावर सगळे तुटून पडतात. दुसरी-तिसरी मोकळी मिळते, पण बसण्याची जागा जरा बाहेर हवी, नाहीतर उरलेला सेट डोक्यावर. स्थानिकांची लाट कापू नका. आणि ज्यांना टेकऑफ (लाट पकडून बोर्डावर उभं राहणं) दर दोनातून एकदा जमतो, त्यांनी कड्यावरच्या वारुंगमध्ये (छोट्या खानावळीत) नारळपाणी पीत बघावं. दृश्य तिथूनच उत्तम दिसतं.

प्रवाळाची जखम गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने घासून कण निघेपर्यंत धुवायची, मगच अँटिसेप्टिक. लिंबू चोळायचा सल्ला कुणीतरी देतंच. डोळ्यांत पाणी येतं, कण मात्र तिथेच राहतात.

बोर्ड दुरुस्ती कड्यावरच होते, हे मोठं सुख. फक्त बोर्ड इपॉक्सी (इपॉक्सी रेझिनने मढवलेला) असेल तर देतानाच सांगा. आतला फोम पॉलिस्टायरिनचा असतो आणि पॉलिस्टर रेझिन लागलं की तो विरघळतो. छोट्या भेगेचं भोक होऊन बोर्ड परत येतो.