गरम होणारा गेम कन्सोल: घरी उघडायचा की बर्डीवर द्यायचा?

एप्रिल लागला की भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, पीएस ४ विमानासारखा ओरडून राहिला. मी उघडू, का बर्डीवर नेऊन देऊ?" (पीएस ४ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल, आणि बर्डी म्हणजे आमच्या नागपूरची सीताबर्डी, दुरुस्तीच्या दुकानांचा बाजार.) यंदा जोडीला त्याच्या मित्राचा पीएस ५ पण होता, आणि दोन्ही मशीनला एकच इलाज चालेल अशी दोघांची समजूत. चालत नाही. घरी उघडणं आणि दुकानात देणं, दोन्ही मी करून बसलोय आणि दोन्हीकडे हात पोळून घेतलेत. त्यातून जे कळलं ते असं.

पैशाचा प्रश्न नंतरचा. मशीन नेमकं करतंय काय, ते आधी बघा. पंखा जोरात फिरतोय, पण गेम चालू आहे? किंवा अर्ध्या तासाने 'फार गरम झालंय' असा संदेश येऊन मशीन बंद पडतं आणि थंड झालं की मुकाट पुन्हा सुरू होतं? या दोन्हींत बहुतेक वेळा दोष धुळीचा किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टचा (चिप आणि तिला थंड ठेवणाऱ्या धातूमधल्या लेपाचा) असतो, आणि ते काम घरी होऊ शकतं. पण बटण दाबल्यावर निळा दिवा लुकलुकून मशीन विझत असेल, टीव्हीवर चित्रच येत नसेल, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. तो आजार साफसफाईने जात नाही, मग साफसफाई तुम्ही करा की दुकानदार करो.

वॉरंटीचं वर्ष संपलेलं नसेल तर पुढचं वाचूच नका. सर्व्हिस सेंटरला द्या, पावती शोधा, विषय मिटला.

घर की दुकान या भांडणात एक पर्याय कुणी मोजत नाही: काहीच न उघडणं. पीएस ४ आणि पीएस ५, दोन्हींच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. आता हे नागपुरात बसून वाचा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले होते; ते टोक सोडलं तरी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली रात्री नऊलाही पस्तिशीच्या खाली यायला तयार नसते. म्हणजे मशीन धडधाकट असूनही बिचारं नियमाबाहेर राबतंय. वर आपण ते शोकेसच्या काचेच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि लग्नात मिळालेल्या घड्याळाच्या मधे कोंबलेलं असतं. पीएस ५ मोठा गेम चालवताना २०० वॉटच्या आसपास वीज खातो. जुने १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब त्या कप्प्यात तासभर जाळाल का?

तर पहिली संध्याकाळ फुकटात घालवा. मशीन बाहेर काढून मोकळ्या टेबलावर ठेवा, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा, खोलीत कूलर चालू करून खेळा. आवाज गेला तर घर आणि दुकान, दोन्हींचा खर्च वाचला. फक्त मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. डेझर्ट कूलरची हवा ओली असते, सोबत बाहेरची धूळ आणते, आणि टाकीत बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षारही उडतात. ओली धूळ आत कशी बसते ते मी स्वतःच्या पीएस ४ मध्ये पाहिलंय.

ते मशीन चार वर्षांचं होतं. खालचं झाकण उघडून पंखा बाहेर काढला, तर हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पत्र्यांच्या तोंडावर करड्या रंगाचा नमदा बसलेला. चिमट्याने ओढला तेव्हा अख्खा पट्टा निघाला, जुन्या सतरंजीच्या तुकड्यासारखा, आणि त्यात कूलरच्या ताटीतल्या गवताची एक काडी गुंतलेली. हवा जायला जागाच नव्हती, मग पंखा ओरडेल नाही तर काय करेल.

पीएस ४ घरी उघडण्यात खरं तर दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. पंख्यापर्यंत पोचून धूळ काढणं सोपं आहे: टी-८ आणि टी-९ सिक्युरिटी बिट असलेला स्क्रू ड्रायव्हर संच (त्या स्क्रूच्या मधोमध बारीक खुंटी असते, साधा ड्रायव्हर बसत नाही), एक मऊ ब्रश, आणि तासभर वेळ. पेस्ट बदलणं हे दुसरं काम. त्यासाठी पॉवर सप्लाय, डिस्क ड्राइव्ह, मग मदरबोर्ड असं सगळं बाहेर काढावं लागतं आणि बोर्डाच्या मागची, दोन स्क्रूंनी आवळलेली धातूची पट्टी सोडवावी लागते. पहिल्यांदा मला तीन तास लागले, मधे दोनदा चहा. माझा सल्ला असा की धूळ काढून मशीन पुन्हा जोडा आणि दोन-चार दिवस खेळून बघा. तेवढ्याने भागलं तर पेस्टच्या वाटेला जाऊच नका.

भागलं नाही तर जावं लागेल. चिप आणि हीटसिंक दोन्ही वरून गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यामध्ये केसाहून बारीक फटी असतात. फटीत हवा अडकते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट ती जागा भरून काढते. काही वर्षांनी ती वाळते, तडकते. माझ्या मशीनमधली अगदी पानठेल्यावरच्या चुन्याच्या डबीच्या काठावर सुकलेल्या चुन्यासारखी झाली होती, नखाने खपली निघावी तशी. ती पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमधलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, पातळ पसरलेली. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही, बाजूला उतू मात्र जाते.

घरच्या कामात मशीन मरतं ते पेस्टमुळे क्वचितच. मरतं ते घाईमुळे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा भन्नाट फिरला की तो उलटा वीज तयार करतो आणि त्याच्या बेअरिंगचीही वाट लागते. रिबन केबल कागदासारखी असते, आधी तिचं कुलूप उचला, मग ओढा. स्क्रू लांब-आखूड असतात, आखूडच्या जागी लांब गेला की बोर्डात घुसतो. मी थर्माकोलच्या तुकड्यावर मशीनचा आराखडा काढतो आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी टोचून ठेवतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र अजिबात उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनच्या पहिल्या मॉडेलवाल्यांनी बाहेरची वीट, म्हणजे वायरीमधला पॉवर सप्लायचा डबा, पण तपासावी, तिच्यात वेगळा छोटा पंखा असतो आणि तोही तुंबतो.

आता दुकान. बर्डीवर मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणारे पुष्कळ, कन्सोलचा हात बसलेले त्या मानाने थोडे. एका ठिकाणी मी 'सर्व्हिस आणि पेस्ट' म्हणून मशीन दिलं, १२०० रुपये मोजले. दोन महिन्यांनी आवाज परत आला म्हणून उघडलं तर आतला चुना जुनाच, आणि दोन स्क्रू गायब. तेव्हापासून मी विचारतो: "भाऊ, काम माझ्यासमोर कराल का?" हो म्हणणारा भेटला की निम्मी काळजी मिटते. "ठेवून जा, उद्या या" म्हणणारा वाईटच असतो असं नाही, पण पेस्ट बदलली की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरीकडे, माझ्या हातून पोर्टात तिरका घुसवलेला एचडीएमआय प्लग पोर्टच घेऊन गेला, तेव्हा बर्डीवरच्याच एका पोराने मायक्रोस्कोपखाली बसून नवा पोर्ट लावून दिला. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. ते काम मला या जन्मात जमणार नाही. बोर्डावरचं सोल्डरिंग हीच दुकानाची खरी किंमत. नुसत्या धुळीसाठी दुकानात जाणं म्हणजे केस विंचरायला न्हाव्याकडे जाणं.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या खेपेला हिशोब बरोबरीत सुटतो. मला स्क्रू ड्रायव्हर संच, पेस्ट आणि अल्कोहोल मिळून बाराशेच्या घरात पडले, म्हणजे दुकानाएवढेच. फायदा दुसऱ्या वर्षापासून. एकदाच मशीन साफ करून विकायचं असेल तर हत्यारं घेण्यात काही अर्थ नाही.

इथवरचं सगळं पीएस ४ आणि त्याच्या पिढीचं. पीएस ५ ची गोष्ट वेगळी, आणि भाच्याच्या मित्राला मी सर्वात जास्त वेळ याच्यावरच झापलं. त्यात चिपवर साधी पेस्ट नाही, लिक्विड मेटल म्हणजे पातळ धातू आहे. ती वीजवाहक असते. थेंब शेजारच्या बारीक भागांवर ओघळला तर शॉर्ट होऊन बोर्ड जाऊ शकतो, आणि अॅल्युमिनियमला लागली तर त्याला खाते. सोनीने ती बसवायची तयारी दोनेक वर्षं केली होती, आपण रविवारी दुपारी व्हिडिओ बघून करू नये. दुकानदारानेही हीटसिंक काढायची गोष्ट काढली तर लिक्विड मेटल आधी कितींदा हाताळलीय ते विचारा. "साधी पेस्ट लावून देतो, चालते" असं उत्तर आलं तर मशीन उचला आणि घरी या.

पण पीएस ५ ची धूळ घरी काढणं पीएस ४ पेक्षाही सोपं आहे. बाजूची पांढरी झाकणं स्क्रूशिवाय निघतात. आत मोठा पंखा समोरच दिसतो आणि धूळ साठवायला मुद्दाम ठेवलेली भोकं आहेत. मशीन बंद, प्लग बाहेर, व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर, नळी बोर्डापासून लांब. वीस मिनिटांचं काम. म्हणजे पीएस ५ ला धूळ घरी आणि पुढचं सगळं जाणकाराकडे. पीएस ४ ला हात स्थिर असेल तर पेस्टपर्यंत घरी.

घर असो की दुकान, एका गोष्टीला दोन्हीकडे नाही म्हणा: हीट मारणे. मशीन चालूच होत नाही म्हटल्यावर कुणी हीट गन काढतं, कुणी बोर्ड ओव्हनमध्ये टाकायचा सल्ला देतं. हे खूळ एक्सबॉक्स ३६० च्या काळचं. २००५ साली आलेल्या त्या मशीनला लाल कड्याचा रोग लागला (समोरचे दिवे गोल लाल पेटून मशीन बंद पडायचं), लोक ते टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचे, आणि ते दोन दिवस चालायचं सुद्धा. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. दोष तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तुटणाऱ्या, चिप आणि बोर्ड यांच्यातल्या जोडांचा होता. आजचं शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. हेअर ड्रायरने तिथवर पोचत नाही आणि ओव्हनमध्ये पोचलंच तर आधी प्लास्टिकचे कनेक्टर लोळतात. हीट मारलेलं मशीन दोन आठवडे चालतं, म्हणजे दुकानदाराचे पैसे वसूल होऊन तुम्ही घरी पोचेपर्यंत.

भाच्याने शेवटी पीएस ४ स्वतः उघडला, धुळीपर्यंतच. मला व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं, थर्माकोल नव्हता म्हणून पुठ्ठ्यावर स्क्रू टोचले. जोडून झाल्यावर एक उरला. "मामा, हा कुठचा?" दोघांनी मिळून पुन्हा अर्धा तास घालवला, हार्ड डिस्कच्या झाकणाखालचा निघाला. मशीन आता शांत आहे आणि टीपॉयवर उघड्यावर बसलंय. ताईचं म्हणणं, शोकेसमधली ती जागा रिकामी दिसते, तिथे फुलदाणी ठेवते. ठेव म्हटलं, तिला पंखा नसतो.