हर्स्ट कॅसल टूर: पैसे वसूल, पण ज्युलिया मॉर्गन वाचून जा

कॅलिफोर्नियात सॅन सिमिऑनला हर्स्ट कॅसल बघायचा असेल तर गाडी खाली ठेवून बसने टेकडीवर जायचं, रस्ता भारी आहे. मालकाचा, म्हणजे वर्तमानपत्रांचे बडे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा थाट सगळ्यांना दिसतोच, पण खरी कमाल आर्किटेक्ट ज्युलिया मॉर्गनची, पॅरिसच्या एकोल दे बोझारला आर्किटेक्चर शिकलेली पहिली बाई, 1904 मधे कॅलिफोर्नियाचं लायसन्स मिळालेलीपण पहिलीच, आणि 1919 पासून जवळजवळ 28 वर्षं हे काम, वीकेंडला सॅन फ्रान्सिस्कोहून ट्रेनने यायची म्हणे. नेपच्यून पूल (पोहायचा तलाव) तर हर्स्ट साहेबांच्या हौसेपायी तीनदा बांधला, पेशन्स बघा बाईंचा! आतले हॉल मला जरा जास्तच भरगच्च वाटले, पूल मात्र अफलातून. बाईंना एआयए (अमेरिकेतली आर्किटेक्ट लोकांची संस्था) गोल्ड मेडल दिलं ते 2014 ला, त्या जाऊन 57 वर्षं झाल्यावर. चालायचे बूट घाला, पायऱ्या खूप आहेत.