बर्डीतला हेल्मेटवाला: चार तारे, आणि मी एक डाउन बाहेर

या दुकानाला पाटी नाही. नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत ओट्यावर मांडलेलं आहे. वर निळी ताडपत्री, दोरीवर लटकलेले पट्टे, बकलं, काचा, आणि एक जुनं शिलाई मशीन. बॅगांच्या चेनी, दप्तरांचे बंद आणि टू-व्हीलरच्या हेल्मेटची दुरुस्ती, एवढंच काम. नवं हेल्मेट तो विकत नाही, ही गोष्ट पुढे कामाची आहे.

मी गेलो नातवासाठी. पोरगी अमेरिकेत ओहायोत असते. डिसेंबरात घरच्या लग्नाला सगळे आले, तेव्हा पंधरा वर्षांच्या या पोट्ट्याने कपडे कमी आणि आपलं फुटबॉलचं हेल्मेट जास्त जपून आणलं. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हाताने खेळायचा. हनुवटीच्या पट्ट्याला चार टिचबटणं असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यातलं एक लागतच नव्हतं. इथे कोणी करून देईल का, म्हणाला. म्हटलं, बर्डीत काय होत नाही?

पण बटणामागे एक किस्सा होता. ऑक्टोबरातल्या शाळेच्या मॅचमध्ये याचं हेल्मेट धडकेत निघून पडलं. हा उघड्या डोक्याने तसाच चेंडूवाल्यामागे धावला आणि त्याला पाडलं. रेफरीने पंधरा यार्डांची पेनल्टी दिली, वर पुढच्या डाउनला याला बाहेर बसवलं. डाउन म्हणजे क्रिकेटमधला एक चेंडू समजा. "रेफरीने चीटिंग केली, आजोबा." मी नागपुरातल्या क्रिकेटच्या क्लब मॅचेसमध्ये तीस वर्षं अंपायरिंग केलं आहे. हे वाक्य मी कस्तुरचंद पार्कवर इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही. म्हटलं, नियम दाखव.

त्याने फोनवर दाखवला, मी तीनदा वाचला. शाळेच्या नियमात हेल्मेट पूर्ण निघालं आणि ते समोरच्याच्या फाऊलमुळे निघालं नसेल, तर त्या खेळाडूने किमान एक डाउन बाहेर बसायचं. समोरच्याने तोंडावरची जाळी धरून ओढलं असेल तर बसायची गरज नाही. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याचंच हेल्मेट उडालं, तर तिथेच शिट्टी, चेंडू डेड. बाकीच्यांचं उडालं तर खेळ चालू राहतो, पण त्या खेळाडूने जी झटापट चालू आहे तेवढी संपवून थांबायचं, नवीन पळापळ करायची नाही. आमचे चिरंजीव पळाले. म्हणजे रेफरी बरोबर होता. तसं सांगितलं, तर दोन तास बोलला नाही.

मग बोलला तो थेट व्हिडिओ घेऊन. २००७ सालचा, डॅलस काउबॉइजचा जेसन विटन. दोघांच्या धडकेत त्याचं हेल्मेट उडालं आणि हा गडी चेंडू घेऊन उघड्या डोक्याने पळत सुटला. बाप्पा! पाहताना माझ्याच पोटात गोळा आला. एनएफएलने, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक लीगने, २०१० पासून तेही बंद केलं, आता तिथेही शिट्टी. कॉलेजच्या नियमात थोडी सोय आहे, टीमने आपला टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायची मोजकी संधी, खर्च केला तर तो खेळाडू पुढच्या डाउनला राहू शकतो. मला हे आवडलं. सवलत आहे, पण फुकट नाही.

आमच्या क्रिकेटमध्ये हेल्मेट इतकं सोपं सोडत नाही. २००७ मध्येच ओल्ड ट्रॅफर्डवर ब्राव्होच्या बाउन्सरने इंग्लंडच्या पीटरसनचं हेल्मेट उडून स्टम्पवर पडलं, हिट विकेट, आउट. आणि ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत वर्ल्ड कपमध्ये श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. नवं मागवेपर्यंत दोन मिनिटं उलटली होती, बांगलादेशने अपील केलं, टाइम्ड आउट, म्हणजे वेळेत खेळायला तयार नाही म्हणून बाद. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला पहिलाच. लोक अजून बांगलादेशच्या तेव्हाच्या कप्तानाला, शाकिबला शिव्या घालतात. मला विचाराल तर त्या अंपायरच्या जागी मीही बोट वर केलं असतं आणि रात्री जेवलो नसतो.

असो. दुकानावर.

दुकानवाल्या भाऊने हेल्मेट हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. नातवाचं म्हणणं, बटणाची जागा थोडी वर घ्या, कवचाला नवीन छेद पाडा. भाऊ म्हणे, "पट्टा करून देतो, पण कवचाला छेद नाही पाडत. छेद पाडला का तिथूनच चिरते. दुसऱ्याकडे जा, तो पाडून देईन." मग त्याने पोराला ते घालायला लावलं, चारही बटणं स्वतः दाबून लावली, जाळी धरली आणि डोकं हलव म्हणाला. डोकं हललं, हेल्मेट मागे राहिलं. "बटण तं निमित्त हाय काकाजी. टोपलं ढिलं हाय. केस कापले काय बे?"

सप्टेंबरात कापले होते. मानेपर्यंतचे होते, एकदम बारीक केले. त्यानंतर आतल्या गाद्यांमध्ये हवा भरून माप पुन्हा बसवायला हवं होतं, ते याने केलं नाही. कोचही म्हणाला असेल, पण पोट्टे ऐकतात कुठे. भाऊने अमेरिकन फुटबॉल जन्मात पाहिला नाही. त्याला हे कळलं कसं? "आपल्याकडे उन्हाळ्यात दुपट्टा बांधून हेल्मेट घेतात. पाऊस लागला, दुपट्टा सुटला, का हेल्मेट डोलून राहते. मंग माह्याकडे येतात, पट्टा आखूड करून द्या म्हणतात."

हवा भरायचा पंप ओहायोत राहिलेला. सायकलवाल्याकडून भरू का, म्हटलं तर त्याला भाऊने साफ नाही म्हटलं. पट्टाही तिथे गेल्यावर कंपनीचाच नवा घ्या म्हणाला, आणि तोवर घरात मिरवायला म्हणून वाकलेलं टिचबटण बदलून दिलं. वीस रुपये.

एवढ्यात नातवाने माझ्या हेल्मेटकडे बोट दाखवलं. माझ्या स्कूटरच्या हेल्मेटचं बकल दोन वर्षांपासून तुटलेलं, पट्टे नुसते लोंबतात. आयएसआय मार्क आहे, डोक्यावर आहे, पोलीस अडवत नाही, मग काय? पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही पट्ट्याने नीट बांधलेलंच हेल्मेट म्हटलं आहे, हे मला माहीत होतं. पोट्ट्याने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. "आजोबा, एक डाउन बाहेर!" सगळी गल्ली पाहून राहिली.

फाऊल कोणाचा नव्हता, त्यामुळे अपीलही नव्हतं. बसलो. माझा टाइमआउट चाळीस मिनिटांचा निघाला. भाऊने बकल बदललं, पट्ट्याला दुहेरी शिवण मारली, आणि कवचातला रिव्हेट ओढून पाहिला. तो हलला असता तर पैसे घेतले नसते, नवं घ्यायला पाठवलं असतं, असं म्हणाला. माझा विश्वास बसला, कारण त्याला नवं विकायचंच नाही. ऐंशी रुपये. तोवर आम्ही कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. नातवाने तर्री दुसऱ्यांदा मागितली आणि मग नाक पुसत बसला.

तक्रारी: गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल, त्यावरही भाऊची पिशवी. बिल मिळत नाही. दुपारी दोन ते चार तो जेवायला जातो आणि मशीनवर गोणपाट टाकून ठेवतो, मग लोकांना वाटतं दुकान बंद पडलं. गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरून पायी गेलेलं बरं. एक तारा त्याचा कापला. जाताना रोज जो दुपट्टा बांधता तो घेऊन जा, तो मागतो.