व्हॅरिसेसचं बँडिंग: प्रोफीत कोड करायचं की इनपेशंटला?

राजारामपुरीत मेडिकल कोडिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या उपचारांची बिलं कोडमध्ये मांडायच्या कामाचा, क्लास करून, सीपीसी ही त्यातली परीक्षा काढून बसलेली मुलं मला हल्ली एकच विचारतात, "सर, जीआयच, म्हणजे पचनसंस्थेचंच, करायचं नक्की झालंय, पण प्रोफीला जाऊ की इनपेशंटला?" प्रोफी म्हणजे डॉक्टरांच्या बिलाचं कोडिंग, इनपेशंट म्हणजे दाखल पेशंटच्या हॉस्पिटल-बिलाचं. मी दोन्हीकडे काम केलंय. चार वर्षं प्रोफी, आणि आता तीन वर्षं इनपेशंट, तेही इथे कोल्हापुरात घरी बसून. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचे, म्हणजे व्हॅरिसेसचे चार्ट दोन्हीकडे भरपूर आले. त्या एकाच कामावरून सांगतो, कारण फरक तिथे सगळ्यात उघड दिसतो.

एकच पेशंट धरा. सिरॉसिस, म्हणजे लिव्हरचा जुनाट आजार आहे, रक्ताच्या उलट्या झाल्या, अमेरिकेतल्या हॉस्पिटलात दाखल झाला, रात्रीच एंडोस्कोपी करून त्या शिरा आवळायला चार बँड लावले. डॉक्टरांच्या बिलावर सीपीटीचा, म्हणजे डॉक्टरांच्या प्रोसिजरच्या यादीतला, ४३२४४ जातो. हॉस्पिटलच्या बिलावर त्याच बँडिंगसाठी पीसीएसचा, म्हणजे दाखल पेशंटच्या प्रोसिजरच्या यादीतला, ०६एल३८सीझेड.

प्रोफीचं काम आटोपशीर. नोट एक-दीड पानाची. बँड चार असोत की सात, कोड एकदाच. इंजेक्शननं शीर बुजवली तर ४३२४३. तपासणी अन्ननलिकेपुरतीच होती तर बँडिंगला ४३२०५. नव्या मुलांचा हात हमखास ४३२५५ वर जातो, कारण नोटमध्ये रक्तस्राव थांबवल्याचं लिहिलेलं असतं. पण बँडनंच रक्त थांबवलं असेल तर तो कोड त्याच जागेसाठी वेगळा लागत नाही. पोटात रक्त साठल्यामुळे ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, जाता आलं नाही, असं व्हॅरिसेसमध्ये होतं. मग पुन्हा स्कोपी करायचं ठरलंय का ते बघायचं: ठरलं असेल तर कोडला जोडायचा आकडा, म्हणजे मॉडिफायर, ५३, नसेल तर ५२. दोन-तीन महिन्यांत हे सगळं हातात बसतं.

मला छळलं ते डायग्नोसिसनं.

सिरॉसिस असलेल्या पेशंटला व्हॅरिसेस म्हटलं की निदानाच्या कोडांमधला आय८५.१ चा गट, इथवर वाद नाही. पुढचा आकडा शून्य की एक? रक्तस्राव नसेल तर आय८५.१०, असेल तर आय८५.११. आणि माझ्यासमोरच्या नोटमध्ये असायचं एवढंच: 'रक्ताची उलटी म्हणून स्कोपी. तीन व्हॅरिसेस, ग्रेड दोन, लाल खुणा दिसतात. सध्या रक्त वाहत नाही. रक्तस्राव बहुधा इथूनच. चार बँड लावले.' त्या 'बहुधा'पाशी मी अडायचो. डॉक्टरांच्या बिलाला आऊटपेशंटचे नियम लागतात, पेशंट दाखल असला तरी. त्या नियमात 'बहुधा', 'शक्यता' असं लिहिलेलं निदान कोड करता येत नाही. मग आय८५.१० लावायचा आणि जोडीला रक्ताच्या उलटीचा के९२.०. ज्या शिरा फुटल्या म्हणून माणूस मध्यरात्री टेबलावर घेतला, त्या शिरांपुढे आपण 'रक्तस्राव नाही' असं लिहायचं. नियमानं ते बरोबर आहे, ऑडिटलाही बरोबर धरलं जायचं, तरी प्रत्येक वेळी मनाला टोचायचं. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा विचारणारी चिठ्ठी, पाठवायची सोय कागदावर होती. मी होतो त्या ठिकाणी उत्तर यायला आठवडा जायचा, आणि तोवर तो चार्ट माझ्या नावावर पेंडिंग दिसायचा. पुढेपुढे मी क्वेरी पाठवणंच कमी केलं. ते मला फार खुपलं, आणि तिथेच प्रोफीतून बाहेर पडायचं ठरलं.

इनपेशंटला तोच पेशंट अख्खा समोर येतो. दाखल होतानाची हकीकत, हिमोग्लोबिन किती घसरलं, किती पिशव्या रक्त चढवलं, ऑक्ट्रिओटाइड हे औषध कधी सुरू केलं, आणि शेवटी डिस्चार्ज समरी. तिथे डॉक्टरांनी 'बहुधा व्हॅरिसेसमधून रक्तस्राव' असं लिहून ठेवलं असेल, तर इनपेशंटच्या नियमानं ते निदान पक्कं धरूनच कोड करायचं असतं. म्हणजे आधी सिरॉसिसचा के७४.६० आणि मग आय८५.११. हा दुसरा कोड एमसीसी, म्हणजे मोठी गुंतागुंत धरला जाणारा, आहे, त्यामुळे केस डीआरजी ४३२ मध्ये, म्हणजे हॉस्पिटलचे पैसे ठरवणाऱ्या त्या गटात, जाते. एका आकड्यावर हॉस्पिटलचं अख्खं बिल हलतं, म्हणून तो आकडा विचार करून लिहावासा वाटतो.

पीसीएसची धास्ती मात्र सगळ्यांनाच असते. मीही घाबरलो होतो. अन्ननलिका छातीत, आणि तिची शीर 'लोअर व्हेन्स'च्या टेबलात, हे पहिल्यांदा बघून पुस्तक चुकीचं उघडलं की काय असं वाटलं होतं. पण एकेक अक्षर सोडवलं की कोडच बोलायला लागतो: ०६ खालच्या शिरा, एल म्हणजे बंद करणं, ३ अन्ननलिकेची शीर, ८ तोंडातून स्कोप, सी म्हणजे बाहेरून आवळणारा बँड, शेवटचा झेड रिकामा. ४३२४४ पाठ करावा लागतो, हा वाचता येतो.

त्रास इथेही आहे. चार्ट कधी पाचशे पानांचा असतो, त्यात तीच नोट दहादा चिकटवलेली. दिवसाला होणाऱ्या चार्टची संख्या कमी, पण डोळे दुप्पट थकतात. फ्रेशरला थेट इनपेशंटला घेणारे मी तरी कमीच पाहिले. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, आणि ज्यांना भराभर हातावेगळं होणारं काम आवडतं त्यांना कदाचित प्रोफीच मानवेल.

घरी पगार लवकर यायला हवा असेल तर आधी प्रोफीच धरा, सीपीसीवर ते दार लवकर उघडतं. मात्र तिथे असतानाच रोज रात्री पीसीएसचं एक टेबल वाचत चला. सुरुवात ०६एल पासून करा, त्या शिरा तुमच्या ओळखीच्या झालेल्या असतील.