माळवदाच्या जुन्या घराचा पाया बदलून घेतला, काम एक नंबर

औशाकडं आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, खाली काळी माती. पावसात फुगती उन्हाळ्यात आकसती, मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. पहिल्या ठेकेदारानं नुसतं सिमेंट भरलं अन पैसे घेतले, मे महिन्यात भेग परत तिथंच!

मग लातूरच्या या मिस्त्रीला बोलावलं. यांनी आधी खड्डा घेऊन मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा टणक थर, किती खाली लागतो ते दाखवलं, मगच रेट सांगितला. अन सगळी भिंत एकदम उकरली नाही हो, तीन-तीन फुटाचे तुकडे, एक सोडून एक, वर जॅक अन टेकू, मुरमापर्यंत जाऊन काँक्रीट, ते पक्कं झालं की जुन्या दगडाखालची फट सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्यानं ठोकून भरायची, मगच शेजारचा तुकडा. भूकंपात वरचं ओझं धोक्याचं म्हणून माळवदावरची जादा मातीबी उतरवायला लावली. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आईनं याच घरात काढलेला, त्यामुळं ते ऐकून तिलाच जास्त बरं वाटलं.

दीड महिना लागला, राडारोडा उचलायला चार फोन करावे लागले. पण भेग परत हलती का ते कळावं म्हणून तिच्यावर चिकटवलेली काचपट्टी दोन पावसाळे झाले तरी तडकली नाही.