विंडोज १० सोडून ११ वर गेलो, आठ महिने वापरल्यावरचा अनुभव (गावातलं ऑनलाइन दुकान)

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी दुकानातला डेस्कटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला, मधात कापसाचा अख्खा हंगाम गेला, उन्हाळाही काढला, म्हणून आता लिहितो. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं अन् ते कोणाच्या कामाचं नसतं.

दुकान म्हणजे दारव्ह्याकडच्या एका गावातलं ऑनलाइनचं दुकान. सातबारा, पीएम किसानची केवायसी, पीक विमा, फार्मर आयडी, पोरापोरींचे ॲडमिशनचे फॉर्म, सगळं एकाच डेस्कटॉपवर चालते. आय-थ्री आठव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. घरी एक लॅपटॉप आहे, आय-फाइव्ह पण सहाव्या जनरेशनचा, त्याचं पुढं सांगतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आधी महिनाभर आजूबाजूचे दुकानवाले फोन करू करू विचारत, "भाऊ, त्या तारखेले कॉम्प्युटर बंद पडन का?" बंद नाही पडत. चालूच राहते, फक्त दर महिन्याचे सिक्युरिटीचे अपडेट येणं थांबते. हे ऐकून पुष्कळ जण निवांत झाले, मी नाही झालो, कारण विंडोज ७ च्या वेळचं मला आठवते. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला तरी मी तेच चालवत राहिलो, काहीच अडलं नाही, तीन वर्षं गेली. मग २०२३ मध्ये क्रोम १०९ वर येऊन थांबलं, त्याच्या पुढचं व्हर्जन विंडोज ७ वर येणारच नव्हतं, अन् हळूहळू एकेक साइट नीट उघडेनाशी झाली, बटण दाबलं तर पान पांढरं. म्हणजे विंडोज स्वतः नाही थांबत, त्याच्यावर चालणारं एकेक सामान थांबत जाते, अन् ते नेमकं दुकानात लाइन लागली असते तेव्हा कळते. आणि माझ्याकडं लोकांचे आधार नंबर, बँकेचे पासबुक, सगळं येते, अपडेट नसलेल्या मशीनवर ते उघडणं मला पटत नाही.

आता अडचण. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक, म्हणजे मशीन ११ ला चालते का ते तपासणारं ॲप, चालवलं तर म्हणे हा कॉम्प्युटर चालणार नाही. आठव्या जनरेशनचा प्रोसेसर तर ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत आहे, मग काऊन नाही? टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) पाहिजे असते, ते माझ्या बोर्डात होतं पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद होतं, इंटेलच्या बोर्डात त्याला पीटीटी म्हणतात, ते चालू केलं. तरी नाहीच. मग रन मध्ये एमएसइन्फो३२ टाकून पाहिलं तर बायोस मोडच्या पुढं लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, लिहिलेलं, अन् ११ ला यूईएफआय ही नवी पद्धत लागते. ज्यानं मशीन असेंबल करून दिली त्यानं जुन्या पद्धतीनं, एमबीआर डिस्कवर विंडोज टाकून दिली होती. हे जपून करा राजेहो, आधी डिस्क एमबीआरची जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) करायची अन् मगच बायोसमध्ये यूईएफआय करायचं, उलटं केलं तर मशीन चालूच होत नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड असते, फॉरमॅट न करता होते, पण मी त्याच्याआधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला अन् तुम्हीही घ्याच. पाच-सात मिनिटांत झालं.

डाउनलोडचं सांगतो कारण याच्याबद्दल कोणी बोलत नाही. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर आहे. गावात माझं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा पॅक दोन जीबीचा. म्हणून भाचा तालुक्याला कॉलेजात जाते त्याला सांगितलं, तिथून पेन ड्राइव्हवर आण. बिचारा संध्याकाळी रिकाम्या हातानं आला, "मामा, सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह हाय, पूर्ण खाली हाय, तरी म्हणते फाइल लय मोठी हाय." पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट होता, त्याच्यात चार जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. एनटीएफएस करून दिला, दुसऱ्या दिवशी आणली.

अपग्रेड रात्री केलं. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते, सगळे वावरात, दुकानात गर्दी कमी. लाइनचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर फुल चार्ज करून ठेवला, पंखा लाइट बंद, फक्त सीपीयू अन् मॉनिटर. दीड तासात झालं, फाइली सॉफ्टवेअर सगळं जागच्या जागी, डेस्कटॉपवरचा फोटोसुद्धा तोच.

अन् सकाळी अंगठा बंद.

थंब मशीनचा लाइट लागते, पण पोर्टलवर डिव्हाइस नॉट फाउंड. समोर एक म्हातारी आजी बसली होती, पीएम किसानच्या केवायसीसाठी सकाळी सातच्या एसटीनं आलेली. बोट ठेवे, काढे, पदराला पुसे, पुन्हा ठेवे. मला म्हणे, "बाबू, माह्याच बोटाईचा दोष असन रे, जलमभर निंदून अन् कापूस येचून रेघाच नाई राहिल्या." मी तिला म्हटलं आजी, तुमच्या बोटाचं काही नाही, मशीनच बिघडली. माझं स्वतःचं बोट ठेवून दाखवलं, तेही येईना, तेव्हा तिच्या तोंडावरचा ताण उतरला. त्या दिवशी तिचं काम मोबाइलवर पीएम किसानच्या ॲपमधून चेहरा दाखवून केलं, म्हणून तिची चक्कर वाचली. पण तेव्हापासून नियमच केला, कोणाचं बोट आलं नाही की आधी माझं ठेवतो, माझं आलं तर बोटाचा प्रश्न, माझंही नाही आलं तर मशीनचा. माणसाला उगाच वाटायला नको की आपल्यातच काही कमी आहे.

कारण काय निघालं तर आरडी सर्व्हिस, म्हणजे थंब मशीन अन् पोर्टल यांना जोडणारं सॉफ्टवेअर. ब्राउझर आपल्याच कॉम्प्युटरवर १११०० च्या पोर्टपासून पुढं त्या सर्व्हिसला शोधते, अन् माझ्याकडची जुनी सर्व्हिस अपग्रेडनंतर सुरूच होत नव्हती. काढून टाकली, डिव्हाइसवाल्या कंपनीच्या साइटवरून नवीन घेतली, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ऑटोमॅटिक केली. तरी दुपारी मशीन झोपून जाये, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढली, तेव्हापासून आठ महिन्यांत एकदाही तक्रार नाही. या गोंधळात तीन दिवस गेले अन् तिसऱ्या दिवशी मी विंडोज १० वर परत जायच्या बटणापर्यंत पोहोचलो होतो. परत जायला फक्त दहा दिवस मिळतात, त्याच्यानंतर ते बटण जाते, म्हणून पहिल्या दहा दिवसांत तुमच्या दुकानातलं एक ना एक काम करून पाहा, वर्षातून एकदा लागणारंसुद्धा.

प्रिंटरनं त्रास दिला नाही. स्कॅनर जुना आहे, त्याचं मूळ सॉफ्टवेअर चालत नाही, विंडोजच्या स्कॅन ॲपमधून चालते, रंग थोडा फिका येते. मराठी टायपिंगची मोठी धास्ती होती, ग्रामपंचायतीचे जुने दाखले सगळे जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडच्या आधीचे. फॉन्ट जसेच्या तसे राहिले, फाइली बरोबर उघडतात. नवीन काम मी विंडोजच्याच मराठी फोनेटिक कीबोर्डवर करतो, तो १० मध्येही २०१९ पासून आहेच, विंडोज अन् स्पेस दाबलं की बदलते.

वापरायला कसं आहे? उघडायला तेवढंच लवकर. रॅम जास्त खाते हे खरं, काहीच उघडलं नसताना १० मध्ये अडीच जीबीच्या आसपास दिसे, ११ मध्ये साडेतीनच्या वर. ८ जीबीत माझं भागते, ४ जीबीवर कागदोपत्री चालते म्हणतात पण दुकानाच्या कामाला मी कोणाला सांगणार नाही. राइट क्लिकचा मेनू मला अजूनही आवडत नाही, निम्म्या गोष्टी शो मोअर ऑप्शन्सच्या आत, दिवसातून शंभर वेळा राइट क्लिक करणाऱ्याला तो एक जास्तीचा क्लिक जाणवते. फाइल एक्सप्लोररमधल्या टॅब मात्र फार कामाच्या, एका टॅबमध्ये लोकांचे फोटो, दुसऱ्यात सातबारे, खिडक्यांची गर्दी नाही. मेच्या उन्हात, टिनाच्या खाली, मशीन हँग झाली नाही.

लॅपटॉपचं वेगळं केलं. सहावी जनरेशन यादीत नाही. नियम चुकवून टाकायचे जुगाड सगळ्यांना माहीत आहेत, ते मी नाही केले, कारण उद्याचा मोठा अपडेट त्याच्यावर येईल याची हमी कंपनी देत नाही. विंडोज १० वरच ठेवून एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेटला, म्हणजे सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटीचे अपडेट मिळायच्या सोयीला, नाव नोंदवलं, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच एनरोलचं बटण आलं, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकटात झालं, नाहीतर तीस डॉलर होते. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट येतात. पोरगी त्याच्यावर अभ्यास करते, आम्ही त्याच्यावर बँकेचं काही करत नाही.

बाजूच्या गावातल्या एका मित्रानं घाईत केलं, त्याचं ऐका. त्याच्याकडं विंडोज १० होती पण ३२ बिटची, अन् ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, म्हणून वरच्यावर अपग्रेड होतच नाही, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागते. त्यानं तसं टाकलं, तर किराण्याच्या हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर चाललंच नाही, उधारीची दोन वर्षांची वही त्याच्यात होती. बॅकअप होता म्हणून दुसऱ्या जुन्या मशीनवर उघडून हातानं उतरवून घेतली, चार रात्री लागल्या. सेटिंगमध्ये अबाउटच्या पानावर सिस्टीम टाइप लिहिलेला असते, एका मिनिटात दिसते, तेवढं पाहूनच ठरवा.

आणि आता जून लागला. ज्यानं अजून केलं नाही त्यानं या महिन्यात करून घ्या नाहीतर सरळ दिवाळीच्या आधीपर्यंत थांबा, पण जुलैत हात लावू नका. पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री बारा वाजेपर्यंत लोक ओट्यावर बसून राहतात, तेव्हा तुमचा अंगठा बंद पडला तर त्या माणसाचा विमा राहून जाईल. मी लॅपटॉपचं ऑक्टोबरच्या आधी ठरवीन, कापूस कसा येते त्याच्यावर आहे.