शहरापासून तासाभरावरचं छोटं गाव: वापरानंतरचा अनुभव (व्होल्टेजसकट)

फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर अजून दोन महिने लिहिलंच नसतं. सर्व्हिसवाला शहरातून आला, मागची जाळी काढली, मीटर लावला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे सर, वॉरंटीत बसणार नाही." मी म्हटलं अहो तुमच्याच मीटरवर आत्ता २२५ दाखवतंय की. तर म्हणे आत्ता दुपार आहे. बरोबरच होतं त्याचं, राग त्याचाच जास्त आला.

तर शहर सोडून, म्हणजे नोकरी शहरातच ठेवून, तासाभराच्या अंतरावर छोट्या गावात राहायला येऊन आता वर्ष होत आलं. भाडं कमी, जागा मोठी, हवा बरी, शांतता, हे सगळं सांगितलं जातं तसंच मिळतं, त्याबद्दल काही तक्रार नाही आणि ते सगळ्यांना माहीतच आहे म्हणून त्यात जात नाही. मला बोलायचंय संध्याकाळी सात ते दहा या वेळेबद्दल.

घर गावाच्या टोकाला घेतलं, मोकळं आहे म्हणून. मोकळं म्हणजे डीपीपासून (गावाला लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर) लांब, हे घर दाखवणारा सांगत नाही. डीपीतून २३०-२४० निघाले तरी वाटेत प्रत्येक घर आपापला करंट ओढतं, तार ॲल्युमिनियमची, बारीक आणि लांबच लांब, त्यामुळे करंट गुणिले तारेचा रेझिस्टन्स एवढे व्होल्ट वाटेतच संपतात आणि टोकाच्या घराला उरलंसुरलं येतं. दुपारी २२५, रात्री दोन वाजता २४०, आणि संध्याकाळी सगळे घरी आले की १७०. कधीकधी १६५.

आता कुणी म्हणेल १७० म्हणजे पाऊण तर मिळतंय ना. नाही मिळत! गीझर, इस्त्री, हिटर यांची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडते. १७० भागिले २३० म्हणजे ०.७४, त्याचा वर्ग केला की ०.५५. म्हणजे २००० वॅटचा गीझर घेतलाय, पैसे २००० वॅटच्या गीझरचे दिलेत, आणि तो चालतोय ११०० वर. पाणी तापायला जवळपास दुप्पट वेळ. आणि यात बिल वाचतं असं समजू नका, तेवढंच पाणी तेवढंच तापवायला युनिट तेवढेच लागतात, उलट उशीर होतो तेवढ्यात टाकी थंड पण होत राहते म्हणून किंचित जास्तच.

मोटारींचं तर त्याहून वाईट. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते आणि तिचा जोर पण वर्गाच्याच हिशोबाने कमी झालेला असतो. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर म्हणजे मोटारच. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहिलं की ऐकू यायचं: घुंऽऽऽ, मग टक्. थोडा वेळ शांत. परत घुंऽऽऽ, टक्. म्हणजे काय तर कॉम्प्रेसर फिरायचा प्रयत्न करतोय, फिरत नाहीये, नुसता तापतोय, आणि ओव्हरलोडची पट्टी त्याला तोडतेय. पट्टी गार झाली की पुन्हा तेच. असं रोज तीन तास, कित्येक महिने. गेला बिचारा. एलईडी दिवे मात्र ढिम्म, बहुतेकांचे ड्रायव्हर (आतलं सर्किट) एवढ्या कमी व्होल्टेजवरही चालतात, त्यामुळे घरात लख्ख उजेड असतो आणि पाहुण्यांना वाटतं लाइट एकदम मस्त आहे तुमच्याकडे.

मग स्टॅबिलायझर घेतला. रिलेवाला, सर्वोवाला नाही, कारण तो महाग. रिलेवाल्यात आत ट्रान्सफॉर्मरचे टप्पे असतात आणि व्होल्टेज हललं की तो टप्पा बदलतो, बदलताना खट् वाजतं. शेजारी कुणी मोटार चालू केली की खट्, बंद केली की खट्. पण काम करतो आणि त्यात टायमर आहे ते फार महत्त्वाचं: लाइट जाऊन लगेच आली की तीन-चार मिनिटं तो फ्रिजला सप्लाय देत नाही, कारण कॉम्प्रेसरमधलं गॅसचं प्रेशर तेवढ्यात उतरलेलं नसतं आणि त्या प्रेशरविरुद्ध चालू व्हायला गेला की अडकतो. छोट्या गावात लाइट "जाते" त्यापेक्षा "जाऊन येते" याचा त्रास जास्त, हे लक्षात ठेवा.

तक्रार केलीच होती. ऑनलाइन, नंबर वगैरे सगळं मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मेसेज: तुमची तक्रार निवारण करण्यात आली आहे. सकाळी अकराला निवारण झालेलंच असतं हो, रोजच होतं! पुन्हा तक्रार, पुन्हा अकरा वाजता निवारण. फोनवर सांगितलं की बाई, संध्याकाळी आठला माणूस पाठवा, तर त्या म्हणाल्या सिस्टीममध्ये वेळ टाकायची सोय नाही. इथे मी या गावाला पाचपैकी दोन गुण देऊन टाकले होते आणि शहरात परत घर बघायला लागलो होतो, हे खरं सांगतो.

प्रवासाचं मध्येच सांगून टाकतो कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. एका बाजूने चाळीस किलोमीटर धरा, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे १७६० किमी, वर्षाला एकवीस हजार. दर दहा हजाराला ऑइल बदलायचं असेल तर वर्षाला दोन सर्व्हिसिंग फक्त नोकरीसाठी, टायर दोन-सव्वादोन वर्षांत उडतील. भाड्यात वाचलेल्यातले बरेचसे इथे जातात, घर घेताना हा हिशोब कागदावर करा, डोक्यात नको, डोक्यात नेहमी पेट्रोलच येतं फक्त. सुरुवातीचे तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की प्रवास काही वाटत नाही, पॉडकास्ट ऐकतो. आता वाटतो. पॉडकास्ट पण संपले. ब्रूनो फ्रे आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांचा २००८ चा पेपर आहे, जर्मनीतल्या लोकांच्या माहितीवर. अर्थशास्त्राच्या हिशोबाने लांबून येणाऱ्याला स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळून त्याची भरपाई व्हायला पाहिजे, पण त्यांना दिसलं की भरपाई होत नाही, लांबून येणारे सरासरीने कमीच समाधानी असतात. मला हे आधी पटलं नव्हतं. आता निम्मं पटलंय.

एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली सापडत नाही म्हणून इथे ठळक सांगतो: गाव शहराच्या पूर्वेला बघा. गाव पश्चिमेला असेल तर सकाळी शहराकडे जाताना सूर्य समोर आणि संध्याकाळी परत येताना पण सूर्य समोर. दोन्ही वेळेला! पूर्वेला असेल तर दोन्ही वेळेला पाठीमागे. माझं पश्चिमेला आहे. काच कितीही पुसा, समोरच्या गाडीचे ब्रेकलाइट दिसत नाहीत अशी वीसेक मिनिटं रोज असतात.

बस आहे. शेवटची लवकर सुटते आणि ऑफिस त्या वेळेला सुटत नाही, विषय संपला.

आता पुढचं. इथपर्यंतचं आधी लिहून ठेवलं होतं, मध्ये बरंच काही झालं म्हणून मत बदलतोय.

कॉम्प्रेसर गेल्यावर चिडून मी एक कागद केला, संध्याकाळी दर अर्ध्या तासाला मल्टिमीटर लावून व्होल्टेज लिहायचं, असं आठवडाभर. तो कागद घेऊन ऑफिसबिफिस सोडून थेट वायरमनकडे गेलो, तो गावातच राहतो, सगळे त्याला भाऊ म्हणतात आणि त्याचा नंबर सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नव्हता कारण मी ॲपवर तक्रार करत बसलो होतो. भाऊंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "आज रात्री आठला येतो, तुम्ही पण डीपीपाशी या."

खरंच आले. टाँग टेस्टर काढला, तो चिमट्यासारखा मीटर, तारेभोवती नुसता अडकवायचा. डीपीतून लाइट तीन तारांवर निघते, प्रत्येक तार म्हणजे एक फेज, आणि घर त्यातल्या एकाला जोडलेलं असतं. पहिल्या फेजला ८० च्या वर अँपिअर. दुसऱ्याला ३०. तिसऱ्याला त्याहून कमी. माझ्या हातात टॉर्च दिला होता, मला आकडे दिसत होते आणि अर्थ कळत नव्हता. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. कधीतरी एक फेज गेला की त्या फेजवरची घरं म्हणतात भाऊ आमची लाइन चालू फेजवर टाका. ते टाकतात. गेलेला फेज दुसऱ्या दिवशी परत येतो, पण घरं काही परत जात नाहीत, कारण लाइट आहे ना, मग कशाला हात लावा. असं वर्षानुवर्षं. अर्ध्याहून जास्त गाव एकाच फेजवर येऊन बसलं होतं आणि बाकीचे दोन आरामात होते. वर तीन फेज सारखे भरलेले असले की न्यूट्रलमधला (तिघांची मिळून एक परतीची तार) करंट एकमेकांत कटतो, असे वाकडे भरले की न्यूट्रलमधून पण करंट वाहतो आणि तिथेही व्होल्ट पडतात. म्हणजे दोन्हीकडून मार.

मी विचारलं, आणि स्टॅबिलायझर? ते म्हणाले तो तर आणखी ओढतो. घरी येऊन हिशोब केला: ५०० वॅटला २३० वर सव्वादोन अँपिअर लागतात, तेच ५०० वॅट १७० वरून काढायचे तर जवळपास तीन. म्हणजे मी स्टॅबिलायझर लावला की तारेतला करंट वाढतो, शेजाऱ्याचं व्होल्टेज अजून थोडं पडतं, मग तो स्टॅबिलायझर घेतो, मग माझं पडतं, मग मी दिवसभर खट् खट् ऐकत बसतो. गावात त्या टोकाला जवळपास प्रत्येक घरात स्टॅबिलायझर आहे. सगळ्यांनी मिळून एवढे पैसे घालून व्होल्टेज खाली आणलंय.

दोन दिवसांनी भाऊंनी शटडाऊन घेऊन पंधरा-वीस घरांच्या सर्व्हिस वायर दुसऱ्या दोन फेजवर टाकल्या, न्यूट्रलचा सांधा घासून परत आवळला (तो सैल असेल तर लवकर आवळून घ्या, पूर्ण सुटला तर कमी लोडच्या घरात ३०० च्या वर जाऊन टीव्हीबिव्ही सगळं उडतं). एका म्हाताऱ्या आजोबांनी भांडण काढलं की माझा फेज चांगला होता, तो का बदलला. त्यांना टॉर्च धरून मीटर दाखवावा लागला. त्या संध्याकाळी आठला माझ्याकडे २०८. मी तीनदा लावून बघितला मीटर. २३० च्या दहा टक्के खाली म्हणजे २०७, तिथपर्यंत घरातल्या बहुतेक वस्तू सुखाने चालतात. सगळ्या कामाचा खर्च शून्य, महिनोन् महिने जी तक्रार रोज अकराला "निवारण" होत होती ती दोन तासांत संपली.

म्हणून गुण वाढवतोय, दोनवरून साडेतीन. अर्धा गुण रात्रीच्या आकाशाचा आहे. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी काढली, एक म्हणजे ठार काळोख आणि नऊ म्हणजे शहराचा मध्य. इथे मी चार-साडेचार म्हणेन: डोक्यावर आकाशगंगा दिसते आणि शहराच्या बाजूचं क्षितिज मात्र रात्रभर पिवळट असतं, तिकडे बघितलं की उद्याचं ऑफिस आठवतं.

दीड गुण कापलाय तो एवढ्यासाठी की इथे प्रत्येक गोष्ट एकेकच आहे. एक डीपी, एक भाऊ, एक डॉक्टर, एक टॉवर, एक रस्ता. भाऊ मध्यंतरी आजारी होते, तेव्हा फेज गेला तो रात्रभर गेलेलाच होता. टॉवरची बॅटरी संपली की फोन पण बंद, मग घरून काम वगैरे विसरा, निदान फायबर असेल तर राउटर आणि भिंतीवरचा डबा दोन्ही छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर टाका, तेवढ्यावर काही तास चालतात. शहरात एक बंद पडलं तर दुसरं असतं, त्यामुळे पहिलं बंद पडल्याचं कळत पण नाही.

घर बघायला जाणाऱ्यांनी रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळं छानच असतं. ऑफिसच्या दिवशी, रात्री आठला जा, मल्टिमीटर घेऊन, अगदी स्वस्तातला चालेल. सॉकेटमध्ये लावा, मग गीझर चालू करायला सांगा आणि आकडा किती पडतो ते बघा. पाच-सात व्होल्ट पडला तर ठीक. वीस पडला तर सामान उतरवण्याच्या आधी भाऊंचा नंबर घ्या. आणि हे सगळं करताना घरमालक विचित्र बघतो, बघू द्या.

फ्रिजवाल्याशी भांडण अजून चालूच आहे, माझं म्हणणं वॉरंटी कार्डावर किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेलं नाही आणि त्यांचं म्हणणं ते मॅन्युअलमध्ये आहे, मॅन्युअल त्यांच्या साइटवर आहे, साइट उघडत नाही. स्टॅबिलायझर आता लागत नाही, फक्त टायमरसाठी ठेवावा तर खटखट सहन होत नाही, म्हणून विकायला काढलाय. गावात कुणी घेईना, सगळ्यांकडे आहे.